खुंटीभोवतीचा रंग पुन्हा पुन्हा का उडतो? प्राण्याच्या आकाराच्या कोट-खुंट्यांची दुरुस्ती

हत्ती असो, जिराफ असो की लांबुडका डॅशहंड कुत्रा, घरी कापून रंगवलेल्या खुंट्यांच्या फळीचं दुखणं बहुतेक वेळा एकच असतं. सुरुवातीला सगळं छान दिसतं. मग एखाद्या हुकाच्या बुडाशी केसाएवढी बारीक गोल चीर दिसायला लागते. कोट अडकवता-काढता ती रुंदावते, पोपडा सुटतो आणि आतलं फिकट लाकूड डोकावतं. आपण डब्यातला उरलेला रंग काढून तेवढ्यावर ब्रश फिरवतो आणि थोड्याच दिवसांत त्याच जागी पुन्हा तीच चीर. मग "रंगच हलका निघाला" म्हणून महागातला डबा येतो आणि तोही तसाच उडतो.

दोष रंगाचा असता तर हत्तीच्या पाठीवर आणि पोटावरही पोपडे निघाले असते. तिथे काही होत नाही. खुंटीपाशी, कानाच्या टोकाला आणि पायांच्या खालच्या कडेलाच रंग सुटतो, कारण तिथे एकतर काहीतरी हलतंय किंवा तिथून पाणी शिरतंय. ते तसंच ठेवून वरून कितीही हात मारा, रंग धरणार नाही.

पोपडा फेकू नका, उलटा करून बघा

ब्लेडच्या टोकाने सगळ्यात मोठा पोपडा अलगद उचला आणि त्याची मागची बाजू उजेडात धरा. निम्मं निदान तिथेच होतं.

पोपड्यामागे प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) नाही, तो फळीवरच घट्ट बसलेला आहे, असं दिसलं तर बिघाड दोन थरांच्या मध्ये आहे. गुळगुळीत प्रायमरवर पॉलिश पेपर न मारता रंग दिला, किंवा मधल्या काळात त्यावर हाताचं तेल लागलं. पोपड्यामागे प्रायमर आहे आणि त्यावर पिठासारखा भुसा चिकटलाय, तर प्रायमर लाकडावर बसलाच नाही, धुळीवर बसला. घासून झाल्यावर फळी ओलसर फडक्याने पुसलीच नसेल तर हे हमखास होतं. आणि मागे तपकिरी, लोकरीसारखा थर आला असेल तर ती फळी एमडीएफची (लाकडाचा बारीक भुसा गोंदाने दाबून बनवलेली) आहे आणि रंगासोबत खुद्द एमडीएफचाच वरचा पापुद्रा निघालाय. म्हणजे पाणी आत गेलेलं आहे. हुकाच्या स्क्रूभोवती काळपट डाग असेल तर तेही ओलीचंच लक्षण. साध्या लोखंडी स्क्रूला ओल मिळाली की गंज येतो, आणि ओक किंवा सागासारख्या टॅनिन असलेल्या लाकडात त्याची निळसर काळी छटा उमटते.

उडालेल्या जागेपासून वीतभर लांब, चांगल्या दिसणाऱ्या रंगावर आणखी एक चाचणी करा. ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर पाच-सहा उभ्या आणि तितक्याच आडव्या रेघा ओढा, खोली लाकडापर्यंत. त्या जाळीवर चिकटपट्टी दाबून बसवा आणि एका झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर बाकीची फळी शाबूत आहे, फक्त बिघडलेला भाग खरवडून चालेल. चौकोन पट्टीसोबत आले तर सगळाच रंग उतरवावा लागेल. इथे मन मोठं करा. अर्ध्या सुट्या रंगावर घातलेला नवा रंग जुन्याला सोबत घेऊनच पडतो.

फळी जुन्या दाराची किंवा कपाटाची असेल आणि तिच्यावर मूळचा जुना रंग असेल तर मात्र कोरडी घासू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. त्यापेक्षा नवी फळी कापलेली बरी.

खरं भांडण हुकाशी आहे

हूक दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे, वर-खाली हलवा आणि दुसऱ्या हाताचं नख त्याच्या बुडाशी टेकवून ठेवा. डोळ्यांना न दिसणारी हालचाल नखाला कळते. ओला कोट सहज दोन-तीन किलोंचा असतो आणि तो भिंतीलगत नाही, हुकाच्या टोकाला लटकतो. प्रत्येक वेळी कोट खेचून काढताना हूक बुडाशी जरासा डुलतो. रंगाचा थर एकीकडे धातूला आणि दुसरीकडे लाकडाला चिकटलेला असेल तर तो ताण त्यालाच सोसावा लागतो. म्हणून चीर अगदी कंपासने काढल्यासारखी गोल पडते. आधी हूक बसवून नंतर सगळ्यावरून रंग मारलेल्या फळ्यांत हे सर्रास दिसतं. तिथे नुसता रंग बदलून उपयोग नाही.

दुरुस्तीला हूक काढावेच लागतात. काढण्याआधी प्रत्येक हुकाच्या कडेने ब्लेड फिरवून रंग कापून घ्या, नाहीतर हूक निघताना शेजारचा चांगला रंगही फाटतो.

आता भोक बघा. बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट इथे आहे. स्क्रू लाकडात शिरताना भोकाच्या तोंडाशी लाकडाचे रेषे (तंतू) वर उचलतो आणि एक बारीक उंचवटा तयार होतो. बोट फिरवलं तर टोचतो. हुकाची पट्टी मग सपाट फळीवर टेकतच नाही, त्या उंचवट्यावर टेकते आणि झोके घेते. स्क्रू कितीही आवळा, पट्टी डुलत राहते. यावर उपाय अगदी सोपा. भोकापेक्षा मोठा ड्रिल बिट हातात धरून तोंडावर दोन-तीन वेळा फिरवा, म्हणजे तिथे उथळ वाटी होईल आणि रेषे वर यायला जागाच राहणार नाही. हे रंगाच्या आधी करायचं.

भोकातले आटे गेले असतील, स्क्रू फिरतोय पण घट्ट होत नाही, तर काडेपेटीच्या काड्या आणि गोंद हा घरगुती तोडगा सगळ्यांना ठाऊक असतो. किल्ल्या टांगायच्या असतील तर तो चालतो. कोटांसाठी नाही. त्याऐवजी भोक आठ किंवा दहा मिलिमीटरचं करून त्यात कठीण लाकडाची गुल्ली गोंद लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, वरून सपाट करा आणि त्यात नवं भोक पाडा. गोल दांडीचा तुकडा वापरताना एक लक्षात ठेवा. दांडीचा रेषा स्क्रूच्याच दिशेने जातो आणि त्या दिशेने घातलेला स्क्रू लाकडाला नीट धरत नाही. फळीच्या तुकड्यातून आडव्या रेषेची गुल्ली काढता आली तर उत्तम. चार मिलिमीटरच्या स्क्रूसाठी पाइनसारख्या मऊ लाकडात अडीच मिलिमीटरचं आणि कठीण लाकडात तीन मिलिमीटरचं भोक पुरतं. बिटवर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण केली की भोक आरपार जात नाही.

एमडीएफ किंवा पातळ प्लायवूड असेल तर हा सगळा खटाटोप सोडा आणि सरळ बोल्ट घाला. पुढून मशीन स्क्रू, मागे वॉशर आणि नट. मागच्या बाजूला पंधरा मिलिमीटरच्या बिटने पाच-सहा मिलिमीटर खोल खळगा केला की नट भिंतीला लागत नाही. अठरा मिलिमीटरच्या फळीत हे आरामात मावतं. एमडीएफमध्ये लाकडाचे लांब रेषे नसतात, त्यामुळे वारंवार हिसका बसला की आट्यांभोवतीचा भुसा चुरतो. बोल्टला ती अडचणच नाही.

कामाचा क्रम असा ठेवा: भोकं, त्यांच्या तोंडाच्या वाट्या, घासणं, मग कानकाडीने भोकाच्या आतही प्रायमर, मग फळीला प्रायमर, रंग, वार्निश आणि हे सगळं पक्कं झाल्यावरच हूक. हूक आणि रंग यांच्यामध्ये चामड्याचा किंवा फायबरचा पातळ वॉशर घाला, पट्टीपेक्षा किंचित लहान, म्हणजे बाहेरून दिसत नाही. शेवटचे फेरे हाताच्या पेचकसाने द्या. ड्रिलने आवळलं की वॉशरखालचा रंग चेपून सुरकुततो आणि त्या सुरकुतीतून पुन्हा ओल जाते.

लाकडी खुंट्या असतील तर कथा थोडी वेगळी. तिथे खुंटी फिरायला लागते, मग तिच्याभोवतीचा रंग जातो. कारण बहुतेक वेळा एवढंच की भोकात किंवा खुंटीच्या शेपटाला आधीच रंग लागलेला होता. पांढरा गोंद लाकडात मुरून धरतो, रंगावर नुसता पापुद्रा बनून बसतो. खुंटी उपटा, दोन्हीकडचा रंग कोरून काढा आणि पुढच्या वेळी रंगवताना शेपटाला चिकटपट्टी गुंडाळा. खुंटी भोकात आपोआप घसरत असेल तर पांढरा गोंद ती फट भरून काढत नाही. तिथे इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) लावा. नाहीतर भोक आरपार असल्यास शेपटाला करवतीने खाच देऊन मागून पाचर ठोका. पाचरीची खाच फळीच्या रेषांना काटकोनात हवी. समांतर ठेवलीत तर पाचर फळीच फोडेल. आणि भोक पाडताना पाच ते दहा अंशांचा वरचा कल दिला की कोट घसरत नाही, खुंटीही पुढे ओढली जात नाही.

कान, शेपटी, पाय

लाकडाची कापलेली टोकं, म्हणजे जिथे रेषे तुटून उघडे पडतात, ती पृष्ठभागापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितात. प्राण्याच्या आकारात अशी टोकं भरपूर. त्यातून पावसाळी कोट वरून निथळतो आणि पाणी ओघळून खालच्या कडेला थांबतं. म्हणून हत्तीची पाठ ठणठणीत आणि पाय सुजलेले.

दुसरं कारण कडेच्या धारेत आहे. जिगसॉने कापलेली कड तीक्ष्ण राहिली तर ओला रंग तिथून मागे सरकतो आणि नेमक्या त्या रेषेवर थर सगळ्यात पातळ पडतो. वाळल्यावर पहिला टवका तिथलाच. पॉलिश पेपर गुंडाळलेल्या ठोकळ्याने सगळ्या कडा दोन-तीन मिलिमीटर गोल करा. कानाच्या आतल्या वळणात ठोकळा पोचत नाही, तिथे गोल कानस वापरा. शिंगं आणि चोच मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येत असतील तर ती याहून जास्त गोल करा, रंगासाठी नव्हे.

एमडीएफच्या कडेला पाण्याचा प्रायमर लावला की ती लवेसारखी उभी राहते. ऑइल प्रायमरने तसं होत नाही. पाण्याचाच वापरायचा असेल तर पहिला हात पातळ द्या, वाळल्यावर दोनशेवीस नंबरच्या पेपरने लव कापून काढा, मग पुन्हा हात. दोन-तीन फेऱ्यांत कड काचेसारखी होते. पांढरा गोंद पाण्यात कालवून कडेला लावायचा सल्ला खूप जण देतात. टोप्या टांगायला ठीक, पण साधा पांढरा गोंद वाळल्यावरही पाण्याने मऊ पडतो, त्यामुळे ओले कोट येणार असतील तर मी तो लावणार नाही. एमडीएफ घासताना मास्क घाला. त्याची धूळ फार बारीक असते.

एकदा फुगलेली एमडीएफ पुन्हा बसत नाही. थोडीच सूज असेल तर खरवडून, प्रायमर मुरवून, लांबी (पुट्टी) भरून घासता येते. पाय किंवा कान दाबल्यावर बोटाखाली चुरत असेल तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, नवा आकार कापा.

मागची बाजू

दर्शनी बाजूला प्रायमर, रंगाचे दोन हात, वार्निश, आणि मागे कोरं लाकूड. हवेतली ओल मागून आत-बाहेर होते, पुढून होत नाही. एक बाजू फुगते-आकसते, दुसरी तशीच राहते आणि फळीला बाक येतो. लाकूड रेषांच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, म्हणून उंच, रुंद आकारांना (बसलेली मांजर, घुबड) हा त्रास जास्त. बाक आला की भिंतीतले स्क्रू ताणले जातात, फळी डुगडुगते, आणि हुकांची हालचाल होती त्याहून वाढते. मागे निदान प्रायमर आणि रंगाचा एकेक हात द्याच. भिंतीला ओल असेल तर स्क्रूवर मागून जाड वॉशर घालून फळी भिंतीपासून पाच-सहा मिलिमीटर सुटी ठेवा.

रंगावर रंग

जुन्या रंगावर नवा घालायचा असेल तर आधी तो कोणता ते ओळखा. फडक्यावर मेथिलेटेड स्पिरिट घेऊन कोपऱ्यात जोराने घासा. रंग मऊ पडून फडक्याला लागला तर पाण्याचा अ‍ॅक्रिलिक, काहीच झालं नाही तर ऑइल पेंट. चकचकीत ऑइल पेंटवर अ‍ॅक्रिलिक थेट घातला तर तो नखाने सालीसारखा निघतो. आधी एकशेऐंशी ते दोनशेवीस नंबरचा पेपर मारून चकाकी घालवा, पुसा, चांगला धरणारा प्रायमर द्या, मग रंग.

कोटाची कॉलर फळीला चिकटते, ओढल्यावर रंगासकट येते, अशीही तक्रार असते. अ‍ॅक्रिलिक तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला त्याला दोन ते चार आठवडे लागतात. जाड हात दिले असतील, हवा दमट असेल, तर आणखी. तोवर त्यावर काही दाबून राहिलं की ते चिकटतं. रंगावर पाण्याच्या पॉलियुरेथेन वार्निशचे दोन पातळ हात दिले की चिकटणं बरंच कमी होतं आणि कोटाला रंगही लागत नाही. पांढरा ससा किंवा फिकट मेंढी असेल तर ऑइलचं पॉलियुरेथेन टाळा, ते पिवळं पडत जातं. डोळे, मिशा मार्करने काढल्या असतील तर वार्निशचा ब्रश त्यांच्यावरून फिरवण्याआधी टाकाऊ तुकड्यावर बघून घ्या. बऱ्याच मार्करची शाई पसरते आणि वाघाच्या डोळ्यांतून काळे अश्रू ओघळतात.

पांढऱ्या रंगातून पिवळे-तपकिरी डाग वर येत असतील तर ते पाइनच्या गाठींतलं राळ आहे. त्यावर रंगाचे हात वाढवून डाग जात नाही. गाठीवर चपडा लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्या, तेही मेण काढलेल्या लाखेचे, कारण लाखेतल्या मेणावर पाण्याचा रंग नीट बसत नाही. मग प्रायमर.

कान तुटला तर

रंगाची चीर कानाच्या किंवा शेपटीच्या मुळाशी आडवी, सरळ गेली असेल तर ती रंगाची नाहीच, खालचं लाकूड तडकलंय. बारीक भाग रेषांना आडवा कापला गेला की तो रेषांवरून बिस्किटासारखा तुटतो. जिराफाची मान उभी असेल तर रेषा उभा, डॅशहंड असेल तर आडवा, एवढं आकार फळीवर ठेवतानाच बघायचं. दोन्ही दिशांना नाजूक अवयव असतील तर प्लायवूड घ्या. त्याचे थर एकमेकांना आडवे असतात. तडकलेला कान गोंद लावून, रात्रभर पकडीत दाबून पुन्हा घट्ट बसतो, पण त्यावर खुंटी लावू नका. खुंट्यांची जागा धडावर.

भिंतीवर परत चढवताना

सगळं नीट करून फळी तिच्या जुन्याच दोन स्क्रूंवर टांगली आणि ते स्क्रू फळीच्या खालच्या भागात असतील, तर दुखणं परत येईल. कोट फळीला पुढे खेचतो, फळी तिच्या खालच्या कडेवर टेकून कलंडू पाहते आणि तिला धरून ठेवतात ते वरचे स्क्रू. समजा चार कोटांचं मिळून दहा किलो वजन भिंतीपासून सहा सेंटिमीटर पुढे लटकलंय. स्क्रू खालच्या कडेपासून पाच सेंटिमीटरवर असतील तर त्यांना भिंतीतून बाहेर ओढणारा जोर बारा किलोंचा. तेच स्क्रू वीस सेंटिमीटरवर नेले तर तीन किलोंचा. म्हणून मुख्य स्क्रू जितके वर नेता येतील तितके न्या, डोक्याच्या किंवा पाठीच्या वरच्या रेषेजवळ, पण कडेला फळी फुटणार नाही इतकं अंतर राखून. खाली एखादा स्क्रू फक्त फळी डोलू नये म्हणून. विटांच्या भिंतीत प्लग गिलाव्यात अडकून राहू नये, विटेत जायला हवा, त्यामुळे गिलाव्याची जाडी धरून लांब स्क्रू घ्या. पोकळ जिप्समच्या भिंतीवर साधा प्लग चालत नाही. तिथे आतल्या चौकटीच्या पट्टीत स्क्रू घाला किंवा पोकळ भिंतीसाठी मिळणारा, मागे पंख उघडणारा बोल्ट वापरा.

फळी बसली की पहिले दोन-तीन आठवडे तिच्यावर फक्त ओढण्या, टोप्या, पिशव्या टांगा. मग एकदा सगळे हूक हाताने आवळून घ्या, कारण चामड्याचा वॉशर दबतो आणि सुरुवातीला स्क्रू अर्धा-पाव फेरा सैल होतो. त्यानंतर ओले कोट अडकवायला हरकत नाही.